क्रूझ बुक करायची आहे: कॅन्सलेशन, गुडघेदुखी आणि चित्रविचित्र सफरी

सिंधुतनया

मंडळी, जानेवारीत आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. हॉल, शाल-श्रीफळ, पनीरची भाजी या सगळ्याला बाबांनी आधीच नकार कळवलाय. "बोटीने न्या कुठेतरी" एवढीच मागणी. बाबा मूळचे देवगडचे, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे, ते काही डोक्यातून जात नाही.

आम्ही नऊजण: आई-बाबा, आम्ही दोघं, आमची दोन कार्टी, भाऊ-वहिनी आणि आत्या. वहिनीकडे गोड बातमी आहे, तोवर सहावा महिना लागेल. बाकी सगळे ठणठणीत, फक्त आईचे गुडघे कुरकुरतात. पर्याय दोन: मुंबई-गोवा-लक्षद्वीप किंवा सिंगापूरहून निघणारी. एजंट रोज फोन करतोय, "मॅडम, आत्ता ॲडव्हान्स भरून ठेवा, नंतर कॅन्सल होतं." कॅन्सल झाल्यावर हातात किती येतं, ते विचारलं की रेंज जाते.

तर, पैसे खरंच परत मिळतात का? आईला झेपेल का? आणि थोरल्याने कुठेतरी वाचलंय की हेवी मेटलवाल्यांची वेगळी क्रूझ असते. असलं खरंच असतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ_पोपट

वाचतोय. बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

जुनी_खिडकी

बरीच वर्षं ट्रॅव्हलच्या धंद्यात काढलीत, आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

एजंटचं वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. क्रूझमध्ये "कॅन्सल होतं का" हा प्रश्नच नसतो, कधीही होतं. खरा प्रश्न तारखेचा. बुकिंगच्या वेळी अनामत भरायची आणि उरलेली रक्कम फायनल पेमेंटच्या तारखेला. मोठ्या परदेशी कंपन्यांची ही तारीख सहसा जहाज सुटण्याच्या ७५ ते १२० दिवस आधी येते, सफर लांबलचक असेल तर आणखी आधी. तोवर माघार घेतली तर फार तर अनामत जाते, काही भाड्यांमध्ये तीही परत मिळते. तारीख उलटली की जिना सुरू. समजा ९० दिवसांच्या आत २५ टक्के कापणार, ६० च्या आत ५०, ३० च्या आत ७५, शेवटच्या पंधरवड्यात सगळेच. आकडे कंपनीगणिक आणि भाड्यागणिक बदलतात, पण जिना असतोच. देशातल्या तीन-चार रात्रींच्या सफरींना पायऱ्या कमी आणि उंच. स्वस्तातली ऑफर असेल तर पहिल्या दिवसापासून शून्य परतावा, असंही असतं. कॅलेंडरवर सुटायच्या तारखेआधी फायनल पेमेंटची तारीख लाल करा.

दुसरं, कॅन्सल केल्यावर किती कापणार याचे तक्ते दोन असतात. एक कंपनीचा, एक एजंटचा. एजंट कंपनीच्या वर स्वतःचं प्रक्रिया शुल्क लावतो. दोन्ही तक्ते ईमेलवर मागवा. फोनवर गोड बोलणारा माणूस लिहून द्यायची वेळ आली की कसा वागतो, यावरूनच पुष्कळ कळतं.

तिसरं, बहुतेकांना ठाऊक नसतं. तिकिटात पोर्ट चार्जेस आणि सरकारी कर वेगळे दाखवलेले असतात. तुम्ही जहाजावर चढलाच नाहीत तर कंपनीला ते तुमच्यासाठी भरावे लागत नाहीत, म्हणून भाडं शंभर टक्के बुडालं तरी ही रक्कम बहुतेक कंपन्या परत करतात. मागायला मात्र हवी.

चौथं, केबिनचं गणित. भाडं "माणशी" दिसतं, पण ते दोघांनी एक केबिन घेण्याच्या हिशेबाने. आत्याबाईंबरोबर कोण आहे? एकट्या असतील तर जवळजवळ दोघांचं भाडं पडेल. आणि ऐनवेळी जोडीतला एक गळला तर त्याचं भाडं बुडतंच, वर उरलेल्याला एकट्याने केबिन वापरण्याचा भार पडू शकतो. धाकट्या चिरंजीवांना आत्याच्या केबिनमध्ये टाका, दोन्ही प्रश्न मिटतील.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. वहिनी. तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सुरुवात तिथूनच करायला हवी होती. बहुतेक क्रूझ कंपन्या २४ वा आठवडा लागलेल्या गरोदर बाईला चढू देत नाहीत. सफर संपायच्या दिवशी किती आठवडे होतील ते मोजतात, सुरू व्हायच्या दिवशी नव्हे. आधीच्या आठवड्यांसाठीसुद्धा डॉक्टरांचं पत्र मागतात. सहावा महिना म्हणजे नेमकी काठावरची गोष्ट. धक्क्यावर अडवलं तर ते "नो शो" धरलं जातं, परतावा नाही.

सिंधुतनया

अगंबाई! एजंटने नऊ पासपोर्टांच्या प्रती मागितल्या, पण हे विचारलंच नाही. भावाला फोन लावते. आणि बाळ झाल्यावर गेलो तर?

जुनी_खिडकी

सहा महिन्यांच्या आतलं बाळ सहसा घेत नाहीत, लांब समुद्रपट्ट्याच्या सफरींना वर्षाची अट असते. कारण दोन्हीकडे एकच. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण प्रसूतिगृह आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नसतो, आणि किनारा दीड दिवस लांब असू शकतो.

त्या दवाखान्याचं बिलही केबिनच्या खात्यावर चढतं. इथलं कॅशलेस कार्ड तिथे दाखवून उपयोग नाही, आधी भरा आणि मग विम्याकडे मागा. म्हणून परदेशी सफर असेल तर प्रवासविमा हवाच. त्यात सफर रद्द झाल्याची भरपाई कोणत्या कारणांना मिळते ती यादी वाचा. घरातलं गंभीर आजारपण किंवा मृत्यू, इस्पितळात भरती, हे साधारणपणे असतं. "व्हिसा नाकारला", "ऑफिसने रजा दिली नाही", "जावेशी बिनसलं" हे साधारणपणे नसतं. सुरळीत चाललेलं गरोदरपणही नसतं. जुनी दुखणी लपवू नका, तिथेच दावे अडतात.

सिएटलपार

अमेरिकेतून थोडी भर. इथे "कुठल्याही कारणाने रद्द" असा वेगळा विमा मिळतो, साधारण ५० ते ७५ टक्के परत देणारा. पण तो पहिली अनामत भरल्यापासून दोनेक आठवड्यांत घ्यावा लागतो, नंतर जाग येऊन उपयोग नाही. दुसरी गंमत, फायनल पेमेंटच्या आधी भाडं उतरलं तर फोन करून नव्या भावाने बुकिंग करून मागता येतं. मी दर रविवारी चहा घेताना भाव तपासते, नवरा वैतागतो.

सासू-सासऱ्यांना इथून अलास्काला नेलं होतं. परतीच्या वाटेवर जहाज संध्याकाळी उशिरा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, जेमतेम काही तास. सासरे म्हणाले, "अंधारात काय दाखवतात हे?" त्यामागे १८८६ चा अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून माणसं घेऊन मधे परदेशी बंदर न करता पुन्हा अमेरिकेतच उतरवता येत नाहीत. बड्या क्रूझ जहाजांचे झेंडे बहुतेक बहामा, पनामा, माल्टा असले. म्हणून नावापुरतं व्हिक्टोरिया.

आणि तुमच्या सिंगापूर पर्यायासाठी: जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येतं, म्हणजे तुम्ही देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येता. व्हिसावर मल्टिपल एंट्री आहे ना, ते बघून घ्या. बरोबरच्या एका कुटुंबाची त्यावरून चांगलीच धावपळ झाली होती. विमानाने किमान एक दिवस आधी पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही.

तारवटी

जहाज कोणासाठीच थांबत नाही, हे मात्र शंभर टक्के खरं. गोव्याचा आहे, डेकवर काम करतो. आमच्याकडे घराघरात एखादा तरी तारवटी निघतो, वडीलही जहाजावरच होते.

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट सगळ्या क्रूला माहीत आहे. आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी खासगी टूर घेऊन फिरायला गेले, उशिरा आले, जहाज गेलं. पुढचं बंदर गाठायला ते देशोदेशी भटकले, शेवटी सेनेगलमधल्या डकारला जहाज मिळालं. जहाजाच्या काउंटरवरून घेतलेली टूर उशिरा आली तर कॅप्टन थांबतो किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवायची सोय कंपनी करते. बाहेरून स्वस्तात घेतली तर जबाबदारी तुमची. स्वस्तात घेऊ नका असं नाही म्हणत, दोन तास हातचे राखून परत या.

आता आईंच्या गुडघ्यांचं. सिंगापूरला जहाज धक्क्याला लागतं, चालत चढायचं, लिफ्टने फिरायचं, काही त्रास नाही. मुंबई, गोवा, कोची तसंच. लक्षद्वीपला मात्र एवढं मोठं जहाज बेटाला लागत नाही. बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि खालच्या दारातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. दारात दोघं आणि बोटीत दोघं असे आम्ही उभे असतो. प्रवाशाने आमचा पंजा धरायचा नाही, मनगटाच्या वर धरायचं आणि आम्ही त्याचं तसंच धरतो, म्हणजे हात ओला असला तरी सुटत नाही. बोट लाटेबरोबर वर येते, एक क्षण दाराच्या पातळीला थांबते, तेव्हा आम्ही "आता" म्हणतो. त्या क्षणी पाय टाकायचा. म्हातारी माणसं खाली बघतात, थबकतात आणि बोट पुन्हा खाली जाते. थबकली तर हरकत नाही, पुढची लाट येतेच. धोका असतो अर्ध्यात पाय टाकून मागे खेचणाऱ्याचा. सरळ समोर बघायचं, पिशवी-मोबाईल आमच्याकडे द्यायचा. गुडघे फारच वाईट असतील तर आईंनी जहाजावर राहिलेलं बरं. त्या दिवशी जहाज रिकामं असतं, खुर्ची हवी तिथे मिळते.

आणि लाटा जास्त असल्या तर कॅप्टन ते बंदरच सोडून देतो. लोक रिसेप्शनवर येऊन भांडतात, "आम्ही लक्षद्वीपसाठी पैसे भरले!" तिकिटाच्या करारात लिहिलेलं असतं, मार्ग बदलायचा आणि बंदर वगळायचा हक्क जहाजाला आहे. कंपनी फार तर त्या बंदराचे चार्जेस परत करते. उंच जहाज म्हणजे वाऱ्याला केवढी मोठी भिंत, धक्क्याला लावतानाही वारा वाढला तर आम्ही नाही जात. जानेवारीत तिकडचा समुद्र बराच शांत असतो, पावसाळ्यात तर त्या बाजूच्या सफरी बंदच.

पडाव

तारवटी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही मालवणला असंच उतरायचो! आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी, आणि आम्ही वळकटी, ट्रंक, कोंबड्या यांच्यासकट पडावात. सिंधुतनया, बाबांना विचारा, त्यांना सगळं पाठ असेल: हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड. रोहिणी, सरिता, कोकणसेवक, कोकणशक्ती ही नावं घेतली की आमच्या पिढीचा माणूस रात्रभर बोलेल. डेकवर जागा धरायला घरातला एक चपळ पोरगा आधी पाठवायचा, त्याने सतरंजी पसरून वर आडवं पडायचं. बोट लागली की लिंबू चोखायचं. पावसाळ्यात सेवा बंद. पुढे रस्ते झाले, एसटी आली आणि बोट गेली. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं मात्र बोटीत पाऊल टाकताना "रामदास" आठवायची. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशी बुडाली, सहाशेवर माणसं गेली.

जाता जाता, २०१८ ला मुंबई-गोवा "आंग्रिया" सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. कान्होजींचं नाव बघूनच तिकीट काढलं. छान होती, पण सतरंजीची मजा नाही.

खडूस_काका

मला कळत नाही, तरंगत्या मॉलमध्ये बसून समुद्र काय बघायचा? व्हेनिसने २०२१ पासून बड्या जहाजांना शहराच्या मधून जायला बंदी घातली, ती उगाच नाही. हजारो माणसं एकदम उतरतात, चार तास चेंगराचेंगरी करतात, जेवायला जहाजावर परत. गावाला मिळतो तो कचरा.

पडाव

काका, मुद्दा मान्य. म्हणून नॉर्वेची किनारी बोट बघा. १८९३ पासून चालू आहे, आता बर्गेन ते किर्केनेस जाते, वाटेत ३४ बंदरं. टपाल, माल, गावातली माणसं आणि पर्यटक एकाच बोटीत. काही थांबे रात्री दोनला, पंधरा मिनिटांचे. आपल्या कोकण बोटीचं असं झालं असतं तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

लष्करच्या_भाकऱ्या

थोरल्या चिरंजीवांच्या प्रश्नाला कुणी हात लावलेला दिसत नाही, मी लावतो. हे माझं आवडतं खातं.

होय, हेवी मेटलची क्रूझ असते. २०११ पासून चालू आहे, नाव "सेव्हन्टी थाउजंड टन्स ऑफ मेटल", म्हणजे जहाजाच्या टनावारीवरच नाव. साठेक बँड आणि काळे टीशर्ट घातलेली तीनेक हजार माणसं. पोहण्याच्या तलावाच्या डेकवर स्टेज उभारतात. गंमत म्हणजे प्रेक्षक आणि वादक एकाच रांगेत आमलेटसाठी उभे, पळून जायला जागाच नाही.

नग्नविहारींची क्रूझ असते. (खडूस काका, बसून घ्या.) तिचे नियम आपल्या सोसायटीपेक्षा कडक. मुख्य भोजनगृहात कपडे घालूनच यायचं, जहाज बंदरात असताना कपडे घालायचे आणि उघड्याने खुर्चीवर बसताना खाली टॉवेल सक्तीचा.

एप्रिल २०१२ ला टायटॅनिकच्या शताब्दीला "बालमोरल" नावाचं जहाज साउदॅम्प्टनहून त्याच मार्गाने निघालं. बरेचजण १९१२ चे पोशाख घालून आलेले, जेवणात त्या काळचे पदार्थ. १५ एप्रिलच्या पहाटे बुडाल्या जागी थांबून पुष्पचक्रं सोडली. बुडालेल्यांचे काही नातेवाईकही होते. मला हा प्रकार आधी किळसवाणा वाटला होता, ते नातेवाईकांचं वाचल्यावर मत जरा निवळलं.

पण खरी शहाणी सफर कुठली, तर ग्रहणाची. जमिनीवर तुम्ही ठरलेल्या गावी जाऊन बसता आणि नेमका ढग येतो. जहाज हवामानाचे नकाशे बघून ढगांतल्या फटीखाली सरकतं. १९७२ ला असं जहाज अमेरिकेतून अटलांटिकमध्ये गेलं, त्यावर नील आर्मस्ट्राँग होता! २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास ग्रहण जिब्राल्टरवरून ट्युनिशिया, इजिप्त, तांबडा समुद्र असं जातंय, लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त अंधार. अशा सफरींची अनामत वर्ष-दोन वर्ष आधी अडकते, तेव्हा वरचा खिडकीवाल्यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. ग्रहण पुढे ढकलता येत नाही आणि ढग आले तर कुणी पैसेही देत नाही.

श्वानप्रेमींसाठी: "क्वीन मेरी २" वर कुत्र्यांसाठी २४ पिंजऱ्यांचा विभाग आहे. तिथे इंग्रज कुत्र्यांसाठी लिव्हरपूलचा दिव्याचा खांब आणि अमेरिकी कुत्र्यांसाठी न्यूयॉर्कचा अग्निशमन नळ बसवलाय. जागा खूप आधी भरतात.

नदीतही चालतं. जानेवारी २०२३ ला वाराणसीहून "गंगा विलास" निघाली, ५१ दिवसांत बांगलादेशमार्गे दिब्रुगढ, साधारण ३२०० किलोमीटर. पहिल्या फेरीला ३२ स्विस पर्यटक. बाकी ब्रिज, विणकाम, बुद्धिबळ यांच्या क्रूझ तर किरकोळीत मिळतात. मराठी नाटकवाल्यांनी अजून कशी काढली नाही कळत नाही. तिसऱ्या अंकात कुणी उठून शेवटची लोकल पकडायला तरी जाणार नाही.

टवाळ_पोपट

मध्यंतरात बटाटेवडा मिळणार असेल तर माझी दोन तिकिटं. डेक चालेल.

सिएटलपार

विचित्र सफरींत ती "घरच विकून जहाजावर राहायला जा" योजना राहिली. २०२३ ला तीन वर्षांची जगप्रदक्षिणा जाहीर झाली. लोकांनी घरं विकली, भाड्याने दिली, सामान पाठवलं आणि नोव्हेंबरात निघायच्या तोंडावर सफर रद्द. कंपनीला जहाजच घेता आलं नव्हतं! २०२४ ला दुसऱ्या कंपनीचं असंच निवासी जहाज दुरुस्तीपायी बेलफास्टला चार महिने अडकलं, प्रवासी बिचारे तिथेच. ते शेवटी निघालं तरी.

जुनी_खिडकी

चांगली आठवण केलीत. आपण माघार घेतली तर काय, हे सगळे विचारतात. त्यांनी घेतली तर काय, हे कुणी विचारत नाही. कंपनीने सफर रद्द केली तर पूर्ण पैसे किंवा पुढच्या सफरीसाठी क्रेडिट, असा पर्याय बहुधा देतात. क्रेडिट मोठं दाखवतात, १२५ टक्के वगैरे. पण कंपनी टिकली तर त्याला किंमत. आपल्याच मुंबईतून एप्रिल २०१९ ला "कर्णिका" सुरू झाली होती, कोविडमध्ये २०२० ला कंपनी गुंडाळली आणि जहाज अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेलं. म्हणून पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, सेवा मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागता येते. रोख दिलेत तर एजंटच्या मागे फिरत बसाल. आणि परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला कर) कापतात, तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो. कुणाच्या पॅनवर कापला त्याची पावती ठेवा. बाबांच्या पॅनवर कापून घेऊन तुम्ही शोधत बसू नका.

सिंधुतनया

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते. भावाने डॉक्टरांना विचारलं, परतीच्या दिवशी २५ वा आठवडा चालू असेल, म्हणजे विषयच संपला. वहिनीच म्हणाली, "तुम्ही जा, मी माहेरी जाते." त्यावर आई म्हणाली, "ती नाही तर मी नाही." त्यामुळे घरात सध्या समुद्र खवळलेला आहे.

बाबांना तारवटींचा प्रतिसाद वाचून दाखवला, मनगटाच्या वर धरण्यापर्यंत. ते उठून दाखवायलाच लागले, पडावात उतरताना कसं धरायचे ते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, माझा हात धरून. लक्षद्वीपच हवं म्हणताहेत. तारीख एक वर्षाने पुढे ढकलावी असं माझ्या मनात आहे, एक्कावन्नावा तर एक्कावन्नावा, तोवर बाळही सहा महिन्यांच्या पुढे गेलेलं असेल. एजंटकडे दोन्ही तक्ते लेखी मागितलेत. दोन दिवस झाले, अजून "पाठवतो मॅडम" चालू आहे.

जुनी_खिडकी

एजंट बदला.

तारवटी

बदला. आणि केबिन घेताना जहाजाच्या मधली, खालच्या मजल्याची घ्या. टोकाला आणि वरच्या मजल्यावर हलणं जास्त जाणवतं. बाळ असेल तर नाचगाण्याच्या हॉलच्या बरोबर खालची नको, नकाशात वरच्या मजल्यावर काय आहे ते बघून घ्या.

अनुस्वार

उशिरा आले धाग्यावर. कुणी जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं सांगेल का? सासूबाई चातुर्मास पाळतात.

सिएटलपार

भारतातून आणि सिंगापूरहून निघणाऱ्यांवर शाकाहारी आणि जैन मिळतं, आम्ही सिंगापूरहून गेलो तेव्हा होतं. तरी बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा, दुसऱ्या दिवसाची तयारी ते आदल्या रात्री विचारून करतात. इथल्या जहाजांवर "व्हेज" म्हटलं की तीन दिवस पास्ता.